दुःखानं मला काही शिकवलंच नाही, मग साक्ष काय देऊ?

सलाम मंडळी. एरवी तुमची पत्रं म्हणजे मिसळ असते, सासू-सून, मुलांची लग्नं जमत नाहीत, चर्चच्या कमिटीतली भांडणं, आणि खरं सांगते मला ती मिसळ आवडते. यावेळी मात्र उत्तम शुक्रवार नुकताच होऊन गेला म्हणून असेल किंवा मागच्या अंकात मी आमच्या धाकट्याबद्दल दोन ओळी लिहिल्या म्हणून असेल, जवळजवळ सगळी पत्रं मरणाची आणि रडण्याचीच आली. सगळी छापणं शक्य नाही, चार घेतलीत, नावं काढून टाकलीत. जे पहिल्यांदाच वाचतायत त्यांच्यासाठी सांगते, मी पाळकाची, म्हणजे चर्चच्या पास्टरची बायको, थिऑलॉजी वगैरे शिकलेली नाही, नगर, जालना, सोलापूर अशा बदल्यांमध्ये 38 वर्षं संसार केला आणि शेकड्यानं मयतीच्या घरी चहा टाकला. एवढंच माझं क्वालिफिकेशन.

पत्र पहिलं

*मावशी, सलाम. माझे मिस्टर आठ महिन्यांपूर्वी गेले, वय 43. सकाळी ऑफिसला जायला बूट घालत होते, तिथेच खाली बसले ते परत उठले नाहीत. मुलगी सातवीत, मुलगा तिसरीत. मंडळीतले सगळे खूप चांगले आहेत, कुणाबद्दल तक्रार नाही, पण जो येतो तो म्हणतो देवाची काहीतरी योजना असेल, देव चांगली फुलं आधी तोडतो, तुला यातून देव मोठं काहीतरी शिकवतोय. आता पुढच्या महिन्यात स्त्रीमंडळाची सभा आहे, विषय "दुःखातून मिळालेले आशीर्वाद", आणि मला साक्ष द्यायला, म्हणजे सगळ्यांसमोर आपला अनुभव सांगायला, सांगितलंय. मावशी मला कसलाच आशीर्वाद मिळालेला नाही. मी शिकले काय तर गॅस सिलेंडर कसा लावायचा आणि बँकेत नॉमिनीचे कागद कुठल्या काउंटरला द्यायचे. प्रार्थनेला बसले की रागच येतो. माझा विश्वास कमी पडतोय का?*

अगं पोरी, पहिलं उत्तर आधी देऊन टाकते, साक्ष देऊ नकोस. अध्यक्षबाईंना फोन कर आणि सांग की यंदा मला जमणार नाही. कारण विचारलं तर सांग मावशीनं नको म्हटलंय, माझ्यावर ढकल, मला सवय आहे. आठ महिने म्हणजे काय गं, घरातला पहिला नाताळ त्याच्याशिवाय झाला असेल इतकंच. ओल्या सिमेंटवर कुणी पाय ठेवून बघतं का की घट्ट झालंय का म्हणून.

आणि ते फुलं तोडण्याचं वाक्य, ते शास्त्रात, म्हणजे बायबलात, कुठेही नाही बरं का. मी शोधलंय. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत नाही.

आमचा धाकटा 1999 च्या मे महिन्यात विहिरीत पोहायला गेला तो गेलाच, 17 वर्षांचा होता, दहावीला 71 टक्के पडले होते म्हणून सायकल मागून मागून जीव खाल्ला होता त्यानं. आमचे हे तेव्हा पाळक म्हणून चांगले नावाजलेले, मयतीला भाषण करावं तर यांनीच, 40-40 मिनिटं बोलायचे आणि शेवट ठरलेला असायचा, रोमकरांस 8:28, देवावर प्रीती करणाऱ्यांसाठी सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात. मी किती वेळा ऐकलं असेल ते वचन, शंभर वेळा तरी. आणि मग आमच्याच अंगणात पेटी ठेवली होती आणि लोक यांच्या तोंडाकडे बघत होते की आता पाळकसाहेब काय बोलतात. ते उभे राहिले, शास्त्र उघडलं, 88वं स्तोत्र वाचलं आणि खाली बसले. बस. एक शब्द नाही. तू काढून बघ ते स्तोत्र, बाकीच्या रडक्या स्तोत्रांमध्ये निदान शेवटी तरी उजेड दिसतो, याचा शेवट काळोखातच होतो. मला तेव्हा भयंकर राग आला होता, इतक्या लोकांसमोर हेच वाचायचं होतं का म्हणून. रात्री त्यांना विचारलं तर म्हणाले, दुसरं काही खोटं वाटलं असतं.

तर माझं म्हणणं असं की राग येणं म्हणजे विश्वास कमी पडणं नव्हे. 150 स्तोत्रांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा तक्रारीचीच आहेत, हे परमेश्वरा कुठवर, तू का झोपलास, तोंड का लपवलंस. ही स्तोत्रं देवळात सगळे मिळून गायचे, उपासनेतली गाणी होती ती! आपण मात्र उपासनेत फक्त आनंदाचीच गाणी घेतो आणि मग तुझ्यासारखीला वाटतं की आपण एकटीच रागावलोय. ज्याच्यावर विश्वासच नाही त्याच्याशी माणूस भांडत नाही गं, सरळ दार लावून घेतो. तू अजून प्रार्थनेला बसतेस आणि भांडतेस, म्हणजे दार उघडंच आहे ना.

बायबलातलं विलापगीत वाचलंयस का कधी? सहसा कुणी वाचत नाही, संडे स्कूलमध्ये पण नावं पाठ करताना घाईघाईत म्हटलं जातं. यरुशलेम पडलं, मंदिर जळलं, इ.स.पू. 586 च्या सुमाराची गोष्ट, त्यावरची पाच गाणी आहेत ती. त्यातली गंमत, म्हणजे गंमत नाही म्हणू शकत, पण मला हे आमच्या ह्यांनी सांगितलं तेव्हा अंगावर काटा आला. हिब्रूत 22 अक्षरं आहेत, आणि पहिली चार गाणी त्या अक्षरांच्या क्रमानं लिहिलीत, आपल्याकडे अ पासून ज्ञ पर्यंत एकेका अक्षरानं ओळ सुरू करावी तशी. म्हणजे रडणाऱ्यानं रडायला पण एक शिस्त लावून घेतली, एकेक अक्षर धरून चालायचं, नाहीतर माणूस कोसळेल. तिसऱ्या गाण्यात तर एकेका अक्षराला तीन तीन ओळी. आणि पाचव्यात ओळी 22 च आहेत पण अक्षरांचा क्रम सुटलाय. दमला असेल गं लिहिणारा. त्याची दया रोज सकाळी नवी होते हे आपलं सगळ्यांचं आवडतं वचन, कॅलेंडरवर असतं, मगवर असतं, ते या पुस्तकाच्या बरोबर मधोमध आहे. शेवटी नाही. त्या वचनानंतर तो माणूस परत रडायला लागतो, आणि पुस्तक संपतं ते जवळजवळ एका प्रश्नावर, तू आम्हाला अगदीच टाकून दिलंस का. तुला एखाद्या सकाळी बरं वाटेल आणि संध्याकाळी मुलाच्या शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या सहीचा रकाना दिसेल आणि परत सगळं पहिल्यापासून. हे असंच असतं, शास्त्रातसुद्धा असंच लिहिलंय.

आता "शिकण्याचं" बोलू. येशू डोंगरावर काय म्हणाला, शोक करणारे धन्य, कारण त्यांचं सांत्वन होईल. शहाणे होतील असं नाही म्हणाला. आशीर्वादांची यादी घेऊन स्टेजवर जातील असंही नाही. उपदेशकात एक वचन आहे, मेजवानीच्या घरी जाण्यापेक्षा शोक चाललेल्या घरी जाणं बरं, कारण जिवंत माणूस ते मनाला लावून घेतो. हे नीट वाच. कुणी शिकायचंय? जो भेटायला जातो त्यानं! ज्याच्या घरात मयत झालीय त्याच्याकडून परीक्षेचा पेपर मागितलेला नाही. आपल्याकडे बरोबर उलटं झालंय, भेटायला येणारे शिकवायला येतात आणि रडणाऱ्यानं शिकायचं.

मग दुःखातून काहीच वाढत नाही का, तर वाढतं, मी नाही म्हणणार नाही. प्रेषित पौल सांगतो संकटानं धीर येतो, धीरानं शील, शीलानं आशा. पण त्याला वेळ किती लागतो ते बघायचं असेल तर पंडिता रमाबाईंकडे बघ, लांब कशाला, केडगाव आपलंच आहे. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे वडील गेले, आई गेली, मोठी बहीण गेली, सगळं थोड्या काळात आणि उपासमारीत. मग भावाबरोबर पायी पायी हिंडल्या, तो 1880 मध्ये गेला. लग्न झालं, दोन वर्षं पूर्ण होत नाहीत तर 1882 मध्ये नवरा पटकीनं गेला, पदरात मनोरमा, वर्षाचीसुद्धा नव्हती. यांचं वय 23. तेव्हा कुणी त्यांना विचारलं असतं की बाई या दुःखातून काय शिकलात, तर काय सांगितलं असतं त्यांनी? बाप्तिस्मा झाला 1883 मध्ये, तेही इंग्लंडमध्ये. आणि मग 1896-97 चा दुष्काळ पडला तेव्हा ही बाई उठून मध्य प्रांतात गेली आणि उपाशी मुली घेऊन आली, कारण पोटात अन्न नसलेली मुलगी काय असते हे त्यांना स्वतःच्या अंगावरून माहीत होतं. मुक्ती मिशन उभं राहिलं. मधे किती वर्षं गेली मोज, वीसच्या आसपास. आणि एवढं करून देवानं त्यांना पुढचं सगळं माफ केलं का, तर तेही नाही, 1921 मध्ये मनोरमाबाई गेल्या, आईच्या आधी. लेक गेल्यावरही रमाबाई बायबलच्या मराठी भाषांतराचं काम करत राहिल्या आणि 1922 च्या एप्रिलमध्ये स्वतः गेल्या. मला त्या वर्षाभराबद्दल फार वाटतं. मुलगी गेलेल्या बाईनं ईयोबाची, विलापगीताची प्रुफं कशी बघितली असतील. असो, विषय लांबला.

माझ्यात काय फरक पडला ते विचारशील. मला स्वतःला काही दिसला नाही, सहा-सात वर्षांनी आमच्या मोठ्या सुनेनं दाखवून दिला, म्हणाली आई तुम्ही मयतीच्या घरी आता काही बोलतच नाही, नुसत्या भांडी घासता. आणि आमचे हे, त्यांचं 40 मिनिटांचं भाषण 12 मिनिटांवर आलं. मंडळीला तोच मोठा आशीर्वाद वाटला असेल! 8:28 त्यांनी सोडलं नाही, पण त्याच्या आधीची वचनं पण वाचायला लागले, त्यात सगळी सृष्टी कण्हते, आपण कण्हतो आणि पवित्र आत्मा पण शब्द न सापडून कण्हतो असं आहे. त्या कण्हण्याला लागूनच ते 28वं येतं. आधीचं गाळून ते एकटंच वाचलं तर दगड मारल्यासारखं लागतं.

सभेला जायचंच असेल तर मागच्या बाकावर बस. सिलेंडर लावायला शिकलीस ते मात्र कमी नाही हं, मला अजून भीती वाटते.

पत्र दुसरं

*मावशी, मी 22 वर्षांचा आहे, स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. आईला कॅन्सर होता, दीड वर्ष ट्रीटमेंट चालू होती, फेब्रुवारीत ती गेली. आम्ही एका प्रार्थना ग्रुपमध्ये जायचो, तिथे तिच्यावर हात ठेवून प्रार्थना झाली होती, तू बरी झालीस म्हणून घोषणा पण केली होती. आता तेच लोक म्हणतात घरात कुणाच्या तरी मनात शंका होती. ती शंका माझ्या मनात होती मावशी. रिपोर्ट बघून मी घाबरलो होतो. म्हणजे माझ्यामुळे का? अभ्यास होत नाही, जेवण जात नाही, कधी कधी वाटतं आपण पण कशाला जगायचं.*

बाळा, नाही. तुझ्यामुळे नाही. हे वाक्य परत वाच आणि मग पुढे वाच.

मला राग आवरून लिहावं लागतंय, कारण तुझ्या आईच्या मरणाचा हिशोब तुझ्या खात्यावर टाकणारे लोक येशूच्याच नावानं बोलतायत. जन्मापासून आंधळा असलेला माणूस बघून शिष्यांनी हेच विचारलं होतं, पाप कुणाचं, याचं की आईबापांचं, आणि येशू म्हणाला याचंही नाही आणि आईबापांचंही नाही. योहानाचा नववा अध्याय आहे. शंकेचं म्हणशील तर मार्काच्या शुभवर्तमानात एक बाप आहे, मुलाला फेफरं येतंय, तो तोंडावर सांगतो की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाक, म्हणजे अर्धा विश्वास अर्धी शंका, आणि येशूनं त्याच्या मुलाला बरं केलं. शंका घरात असल्यामुळे देवाचे हात बांधले जातात ही कुठली शिकवण मला माहीत नाही.

आणि पौल. ज्याच्या अंगावरचे रुमाल नेऊन लोक बरे व्हायचे असा माणूस. तोच आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला लिहितो, आपला सोबती त्रफिम आजारी होता म्हणून त्याला मिलेतात ठेवून आलो. आजारी ठेवून आला! बरं करता आलं नाही, आणि कुणाच्या विश्वासाबद्दल एक अक्षर नाही, फक्त खबर दिलीय, घरच्यांना फोनवर सांगावं तशी. त्याच तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून सांगतो, म्हणजे औषधच की. त्याचा स्वतःचा तो शरीरातला काटा, तीनदा विनंती केली आणि काटा गेला नाही, उत्तर आलं की माझी कृपा तुला पुरे आहे. पकडले जाण्याआधी गेथशेमाने बागेत येशूनं पण तीनदा प्रार्थना केली होती, हा प्याला टळून जावो. प्याला टळला नाही. आता त्याच्या विश्वासात कमी होती असं म्हणणार का कुणी?

रिपोर्ट बघून तू घाबरलास कारण तुला आई हवी होती, बाकी त्यात काही नाही रे.

आता महत्त्वाचं. कशाला जगायचं हे जे लिहिलंयस ते मी हलक्यात घेत नाहीये. मनाच्या त्रासासाठी टेली मानस हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, कधीही लावता येतो. हे वाचून झालं की लाव. आणि एखाद्या मानसोपचार डॉक्टरांना भेट, चर्चमधल्या कुणाला विचारत बसू नकोस की चालेल का, चालतं. एलीयाची गोष्ट आठव, एवढा मोठा संदेष्टा, कर्मेल डोंगरावर स्वर्गातून अग्नी उतरवला आणि नंतर रानात झुडपाखाली जाऊन पडला आणि म्हणाला, देवा आता पुरे, माझा जीव घे. देवानं त्याला लेक्चर दिलं नाही. दूत आला आणि म्हणाला ऊठ, खा. उशाशी भाजलेली भाकर आणि पाणी ठेवलेलं होतं. तो खाऊन परत झोपला, परत उठवलं, परत खायला घातलं. बोलणं नंतर झालं, कितीतरी दिवसांनी. तर तुझ्यासाठी पण तोच क्रम, जेवण, झोप, डॉक्टर. परीक्षा यंदा नाही दिली तर पुढच्या वर्षी. आणि त्या ग्रुपमध्ये सध्या जायचं बंद कर, जायची सक्ती कुणी करू शकत नाही. एखाद्या मित्राला आज रात्री झोपायला बोलव, लाजू नकोस.

मासिकाच्या पत्त्यावर मला परत लिही, दोन ओळी चालतील. वाट बघते.

पत्र तिसरं

*नमस्कार मावशी, मी वसईचा, कॅथलिक आहे, वय 58. वाडीच्या वाटणीवरून मोठ्या भावाशी सहा वर्षं बोलणं नव्हतं. हद्दीचा पाचेक फुटांचा पट्टा, केळीच्या दोन रांगा. डिसेंबरात तो गेला. मी मिस्साला गेलो, खांदा दिला, सगळं केलं, फादरांकडे कन्फेशन पण केलं. पण झोप लागत नाही. चूक त्याची पण होती, तरी.*

नमस्कार भाऊ. "तरी" या एका शब्दात तुम्ही सगळं सांगितलंत.

तुमचं दुःख वरच्या दोघांपेक्षा वेगळं आहे, त्यात मरण पण आहे आणि पश्चात्ताप पण आहे, आणि पश्चात्ताप नुसता ठेवला तर आंबतो. पौल करिंथकरांना लिहितो की दुःख दोन प्रकारचं, एक देवाकडे वळवणारं आणि एक नुसतं मरणाकडे नेणारं. पेत्र आणि यहूदा, येशूचे दोन शिष्य, एकानं त्याला नाकारलं, दुसऱ्यानं पकडून दिलं, दोघांनाही थोड्याच तासांत आपण काय केलं ते कळलं, दोघंही तुटले. यहूदा एकटाच गेला. पेत्र बाहेर जाऊन मोठ्यानं रडला पण नंतर बाकीच्यांमध्ये परत आला.

योहानाच्या शुभवर्तमानात कोळशाचा विस्तव दोनदाच येतो. एकदा महायाजकाच्या अंगणात, थंडी होती, लोक शेकत उभे होते आणि तिथेच पेत्र म्हणाला मी त्या माणसाचा नाही. दुसऱ्यांदा पुनरुत्थानानंतर, समुद्राच्या काठी, येशूनं पहाटे विस्तव पेटवून मासे भाजायला ठेवलेले. तुम्ही वसईचे, तुम्हाला तो वास मी काय सांगायचा. पेत्राला त्या धुराच्या वासानं काय काय आठवलं असेल! आणि तिथे येशू त्याला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का, जितक्या वेळा नाकारलं तितक्या वेळा. का नाकारलंस हे नाही विचारलं. आणि प्रत्येक उत्तरानंतर काम दिलं, माझी मेंढरं राख.

कन्फेशन झालं ते चांगलं झालं, त्याची माफी मिळाली, त्यावर मी पाळकाची बायको काय बोलणार. पण तो पट्टा अजून तिथेच आहे ना, आणि भावाची बायको, मुलं पण तिथेच राहतात. मोजणीवाला बोलवा, चहा त्यांच्याच ओटीवर घ्या, आणि त्या दोन रांगा त्यांच्या नावावर करा किंवा निम्म्या निम्म्या करा, तुमची ऐपत आणि तुमचा न्याय तुम्ही बघा. वहिनी कदाचित तोंडावर दार लावतील. लावू द्या, सहा वर्षं तुम्ही लावलंच होतं. दोन नोव्हेंबरला मृतांच्या दिवशी सिमेटरीत मेणबत्ती लावायला जाल तेव्हा पुतण्यांना बरोबर घेऊन गेलात तर बघा काय होतं. झोपेची गॅरंटी मी देत नाही.

पत्र चौथं

*मावशी, मी ख्रिश्चन नाही, मैत्रिणीकडे हे मासिक येतं तिथे वाचते. मी साताऱ्यात शाळेत शिक्षिका आहे. आमच्या स्टाफमधल्या एका ख्रिश्चन बाईंचा चार वर्षांचा मुलगा तापानं गेला. मला भेटायला जायचंय पण त्यांच्यात काय बोलतात, काय नेतात, कधी जातात काहीच माहीत नाही. चुकून काहीतरी वेडंवाकडं बोलेन अशी भीती वाटते म्हणून तीन आठवडे गेलेच नाही. आता गेले तर बरं दिसेल का?*

दिसेल, आजच जा. तीन आठवड्यांनी तर घर रिकामं होतं, पाहुणे गेलेले असतात, फोन बंद झालेले असतात, तीच खरी वेळ.

आमच्यात सुतक नसतं त्यामुळे कुठल्या दिवशी जायचं नाही असं काही नाही, आणि जाऊन आल्यावर आंघोळीचं वगैरे तुमचं तुम्ही ठरवा, आम्हाला त्याचं काही वाटत नाही. दहावा-तेरावा नसतो, काही ठिकाणी सांत्वनाची प्रार्थना असते, ती एव्हाना झाली असेल. फोटोला हार दिसला किंवा नाही दिसला तरी त्यावरून काही ठरवू नका, घरोघरी वेगळं असतं. त्या प्रार्थना करायला लागल्या तर नुसत्या डोळे मिटून बसा, आणि नाही केली तर तुम्ही सुचवू नका.

काय बोलायचं, तर आमच्या शास्त्रात ईयोब नावाचा एक माणूस आहे, त्याची दहाच्या दहा मुलं एका दिवसात गेली. त्याचे तीन मित्र भेटायला आले, आणि त्यांनी एक गोष्ट अगदी बरोबर केली, सात दिवस सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसून राहिले आणि कुणी एक शब्द बोललं नाही, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसत होतं. त्यानंतर तोंड उघडलं आणि सगळा घोळ झाला, पुढचे कितीतरी अध्याय ते त्याला समजावतायत की तुझंच काहीतरी चुकलं असेल. शेवटी देव त्या मित्रांवर चिडतो आणि म्हणतो, तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत, ईयोब बोलला. जो रडून ओरडून देवाला जाब विचारत होता तो नीट बोलला, आणि जे देवाची बाजू मांडत होते ते चुकले! मला हे फार आवडतं.

तेव्हा तुम्ही सात दिवस राहू द्या, अर्धा तास गप्प बसलात तरी पुष्कळ. मुलाचं नाव मात्र घ्या. लोक नाव घ्यायला घाबरतात, आईला वाटतं सगळे विसरले. तुम्हाला त्याची काही आठवण असेल, गॅदरिंगला आईबरोबर आला होता, स्टाफरूममध्ये खडूनं टेबल रंगवलं होतं, असलं काहीही, ते सांगा. त्या रडतील, रडू द्या. येशूचा मित्र लाजर वारला, त्याची बहीण रडत होती तेव्हा येशू पण रडला, आणि त्याला तर माहीत होतं की पाच मिनिटांत लाजर उठून बाहेर येणार आहे, तरी रडला. दुसरं मूल होईल, देवानं दुसरं दिलंय ना, वय काय तुमचं अजून, हे काहीही बोलू नका. "काही लागलं तर सांगा" पण नको, कुणी सांगत नाही. त्यापेक्षा त्यांचे दोन तास तुम्ही घ्या, पेपर तपासायचे असतील तर गठ्ठा उचलून आणा, मुख्याध्यापकांना सांगायचं काम तुमच्याकडे घ्या.

आणि डबा न्या. साधं काहीतरी, मुगाची खिचडी, भाजी-भाकरी, गोड नको. आपला नेहमीचा स्टीलचा डबा न्या, फेकून द्यायचा प्लास्टिकचा नको, आणि निघताना म्हणा की डबा राहू दे, मी गुरुवारी येऊन घेऊन जाईन.